देवमाशाचे कूळ

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर कधीकधी भरतीबरोबर एखादा प्रचंड प्राणी वाळूत येऊन रुततो आणि पंचक्रोशीतील माणसे त्याला पाहावयास लोटतात. त्याला आपण देवमासा म्हणतो. जाळ्यातून काढलेली सुरमई थोडा वेळ तडफडून मरते. हा मात्र डोक्यावरच्या नाकपुडीतून सुस्कारे टाकीत वाळूवर तासन् तास जिवंत राहतो. शेवटी त्याचा घात करतो तो उन्हाचा ताप आणि त्याहून अधिक त्याच्या स्वतःच्या देहाचा भार. पाण्याचा आधार सुटला की त्या भाराखाली त्याची फुप्फुसे दडपली जातात. अशा हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्याला मासा म्हणावे काय? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्यावर विद्वानांची मते फिरली आहेत आणि एकदा तर तो न्यायालयाच्या पायऱ्याही चढला आहे.

प्राण्यांचे गट पाडण्याची आपली जुनी रीत त्यांच्या वसतिस्थानावरून ठरलेली आहे. पाण्यात राहतात ते जलचर, जमिनीवर वावरतात ते भूचर, आकाशात उडतात ते खेचर. व्यवहारात ही रीत सोयीची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामुळे वटवाघूळ पोपटाच्या पंक्तीस बसते आणि समुद्रातील कासव बांगड्याच्या! राहत्या घरावरून माणसाचे कूळ सांगता येत नाही. एकाच वाड्यात निरनिराळ्या कुळांची बिऱ्हाडे नांदतात आणि एकाच कुळातील भाऊ देशोदेशी पांगलेले असतात. प्राण्यांचेही तसेच आहे.

कार्ल लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७३५ साली सजीवांच्या वर्गीकरणाचा आपला ग्रंथ प्रथम प्रसिद्ध केला. त्यात त्याने देवमाशाला माशांतच बसविले होते. गाय, घोडा, सिंह यांच्या वर्गाला त्याने ‘चतुष्पाद’ ह्या अर्थाचे नाव दिले होते, आणि पायच नसलेल्या प्राण्याला त्या वर्गात स्थान कसे मिळणार? पुढे तेवीस वर्षांनी, म्हणजे १७५८ साली, त्याच ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली तेव्हा लिनियसने आपला निर्णय फिरविला. देवमाशाचे रक्त उष्ण असते, तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याची मादी अंडी न घालता पिलाला जन्म देते आणि त्याला दूध पाजते. ह्या गोष्टींचे वजन पायांच्या संख्येहून अधिक, असे त्याने ठरविले व त्या वर्गाचे नावच बदलून ‘सस्तन’ ह्या अर्थाचे ठेवले. एका प्राण्याला योग्य जागी बसविण्यासाठी सबंध घराची पाटी बदलण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने ह्यांतील बऱ्याच गोष्टी दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवल्या होत्या, हेही येथे सांगितले पाहिजे.

विद्वानांचे समाधान झाले, तरी बाजाराचे झाले नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात माशाच्या तेलाची सरकारी तपासणी करून घेण्याचा व त्याचे शुल्क भरण्याचा कायदा होता. एका व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलावर हे शुल्क भरण्याचे नाकारले. देवमासा मासाच नव्हे, मग शुल्क कशाचे, असे त्याचे म्हणणे. १८१८ सालच्या डिसेंबरात खटला उभा राहिला. सॅम्युअल मिचिल ह्या नामवंत शास्त्रज्ञाने व्यापाऱ्याच्या बाजूने साक्ष दिली. परंतु पंचांनी थोडक्याच वेळात निकाल दिला, तो देवमासा हा मासाच होय, असा! पुढे लवकरच कायद्याची भाषा बदलावी लागली ती गोष्ट वेगळी. पंच काही मूर्ख नव्हते. त्यांनी डोळ्यांना दिसत होते त्यावर विश्वास ठेवला, इतकेच.

आता आपण डोळ्यांना न दिसणाऱ्या भागाकडे वळू. देवमाशाच्या पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवावरील कातडे व मांस दूर केले, तर आत काय आढळते? दंडाचे एक हाड, कोपरापुढची दोन हाडे, मनगटाची लहान लहान हाडे आणि बोटांची पेरी. तुमच्या हातात जो क्रम आहे, तोच. वल्हविण्यासाठी एखादी सपाट फळी पुरली असती. तेथे बोटांचे काय काम? तसेच शेपटीचे. माशाची शेपटी उभी असते आणि तो ती डावीकडे-उजवीकडे हालवितो. देवमाशाची शेपटी आडवी पसरलेली असते व ती वर-खाली हालते. भरधाव धावणाऱ्या कुत्र्याकडे एकदा नीट पाहा. त्याची पाठ धनुष्यासारखी वर-खाली वाकत असते. देवमासा पोहतो तेव्हा त्याच्या कण्याची हालचाल त्याच जातीची असते. जणू तो पाण्यात धावत असतो.

ह्या साम्याचा अर्थ चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लावला. सजीवांचे वर्ग म्हणजे आपल्या सोयीसाठी केलेले कप्पे नव्हेत, ती एक वंशावळ आहे. ज्यांचे पूर्वज समान, त्यांच्या अंगी पूर्वजांच्या खुणा समान. त्याच ग्रंथात त्याने लिहिले होते की, तोंड उघडे ठेवून तासन् तास पोहत पाण्यातील किडे गट्ट करणारी अस्वले पाहण्यात आली आहेत, आणि अशा प्राण्यापासून पुढे देवमाशासारखा प्राणी होणे आपणांस अशक्य वाटत नाही. लोकांनी त्याची इतकी थट्टा केली की, पुढील आवृत्त्यांत त्याने तो मजकूर छाटून टाकला. अस्वलाविषयीचा त्याचा तर्क खरा ठरला नाही हे खरे. पण जमिनीवरील चतुष्पादच समुद्रात उतरला, हे सिद्ध झाले आणि त्याचा पुरावा बराचसा आपल्याच भूखंडात सापडला.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. त्यानंतरची, म्हणजे आजपासून सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडत होता आणि दोहोंच्या मध्ये टेथिस नावाचा समुद्र उथळ होत चालला होता. त्याच्या काठच्या गाळात गाडलेली हाडे आज खडक होऊन राहिली आहेत. पाकिस्तानात सापडलेल्या ‘पाकिसिटस’ ह्या प्राण्याला चार चांगले पाय होते, पण त्याची कवटी देवमाशाच्या घराण्याची होती. तेथेच १९९४ साली ‘ॲम्ब्युलोसिटस’चे वर्णन प्रसिद्ध झाले, तो मोठ्या पंजांनी पोहू शके आणि जमिनीवरही चालू शके. इकडे कच्छमध्ये अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात प्राचीन देवमाशांचे अवशेष उजेडात आणले. इजिप्तच्या वाळवंटात तर पंधरा मीटरांहून लांब अशा ‘बॅसिलोसॉरस’चे सांगाडे मिळाले आहेत. एवढ्या अजस्र देहाला मागचे पाय मात्र इतके चिमुकले की ते चालण्याच्या कामाचे नव्हते. तरीही त्यांना बोटे होती.

ह्या सर्वांत मनात घर करून राहते ती काश्मीरच्या दगडांची हकीकत. ए. रंगा राव ह्या भारतीय भूवैज्ञानिकांनी जम्मूकडील कालाकोट येथून हाडे असलेले खडक गोळा केले व १९७१ साली त्यांतील काही दात आणि जबड्याच्या तुकड्यांवरून ‘इंडोहायस’ ह्या नव्या प्राण्याचे वर्णन केले. उरलेले खडक तसेच राहिले. रंगा राव वारले. त्यांच्या पत्नीने ते दगड जपून ठेवले आणि पुढे हान्स थेविसन ह्या संशोधकाच्या स्वाधीन केले. त्याच्या प्रयोगशाळेत खडक कोरून कवटी मोकळी करीत असता साहाय्यकाच्या हातून तिचा कानाचा भाग चुकून मोडला. मोडलेल्या जागी हाडाची एक बाजू विलक्षण जाड दिसली. अशी जाड भिंत देवमाशांच्या घराण्यातच आढळते! २००७ साली ही गोष्ट जगापुढे आली. इंडोहायस हा मांजराएवढा, सडपातळ पायांचा, खूर असलेला प्राणी. सह्याद्रीच्या जंगलातील पिसोरी हरिण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना त्याची कल्पना येईल. त्याच्या पायांची हाडे मात्र आतून भरीव व जड होती, पाण्यात तळाशी पाय टेकून चालणाऱ्या प्राण्यांची असतात तशी. तो देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे. त्या पूर्वजाच्या भावकीतला म्हणा.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ह्या चिमुकल्या प्राण्यांनी देवमासा होण्याचे मनात आणले नव्हते. एका विणीतील पिलेदेखील तंतोतंत सारखी नसतात. शत्रू पाठीस लागला की ज्यांना पाण्यात दडून अधिक वेळ तग धरता येई, ती वाचत आणि त्यांचेच गुण पुढच्या पिढीत उतरत. हा फरक एका पिढीत डोळ्यांत न भरण्याइतका अल्प. परंतु पिढ्या लाखो होत्या.

पाकिसिटसच्या घोट्याचे हाड हाती आले तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच दिसली. अशी खाच गाय, हरिण, डुक्कर ह्या समखुरी प्राण्यांच्या घोट्यात असते. आज रक्तामांसातील डीएनएची तुलनाही हेच सांगते की, हयात प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा होय. म्हणजे तीस मीटरांपर्यंत वाढणारा निळा देवमासा आपल्या गोठ्यातील गाईचा दूरचा भाऊबंद ठरला.

समुद्रातील डॉल्फिनही ह्याच कुळातला. त्याचा गर्भ पहिल्या काही आठवड्यांचा असताना त्याला मागच्या पायांचे दोन कोंब फुटतात आणि लवकरच विरून जातात. २००६ सालच्या ऑक्टोबरात जपानमधील ताइजी येथील मच्छीमारांना एक डॉल्फिन मादी सापडली. तिच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे, मागचे पाय जेथे असावयाचे नेमक्या त्याच जागी, तळहाताएवढ्या वल्ह्यांची आणखी एक जोडी होती.