मुरुमांची गोळी : सुरू कधी, बंद कधी?

विष्णुपुरीच्या एका वसतिगृहातून एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. ती लिहिते, "चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी माझ्या मैत्रिणीला डॉक्टरांनी कॅप्सूल दिली होती. दोन-अडीच महिन्यांत तिचा चेहरा साफ झाला. तीच कॅप्सूल मी दुकानातून आणून तीन आठवडे घेतली. मुरूम तर गेले नाहीतच, उलट आता जेवताना घास छातीत अडकल्यासारखा दुखतो. कॅप्सूल चालू ठेवू की बंद करू?"

या मुलीला आधी उत्तर देतो. कॅप्सूल आजच बंद कर आणि डॉक्टरांना छातीतले दुखणे दाखव. दोन-चार दिवस तिखट टाळ, मऊ आणि गार अन्न खा. घाबरण्याचे कारण नाही. मात्र असे का झाले, हे तुझ्याबरोबर इतरांनीही समजून घ्यावे असे आहे. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे विष्णुपुरीत बाहेरगावची हजारो मुले-मुली राहतात. हे वय आणि मुरूम यांची सोबत जुनीच. तेव्हा पत्र एकीचे असले तरी प्रश्न अनेकांचा आहे.

मुरुमांत जंतूंचा वाटा किती?

'रक्त बिघडले म्हणून मुरूम आले' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरे नाही. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. त्वचेच्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी आणि तेल यांचे बूच बसते. आत साठलेल्या तेलावर त्वचेवरचेच नेहमीचे जंतू वाढतात आणि तो भाग लाल होऊन सुजतो, पू धरतो. म्हणजे तेल, बूच, जंतू आणि सूज असे हे चार भागीदार आहेत.

डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन यांसारखी पोटात घेण्याची प्रतिजैविके यांपैकी जंतू आणि सूज या दोघांनाच आवर घालतात. तेल आणि बूच यांवर त्यांचा इलाज चालत नाही. म्हणून लाल, सुजलेले, पू असलेले मुरूम बरेच असतील, पाठीवर आणि छातीवरही असतील, तर ती उपयोगी पडतात. नुसते काळे-पांढरे ठिपके असतील तर गोळीची गरज नाही, लावण्याचे औषध पुरते.

या औषधांच्या जन्माशी एका भारतीयाचा संबंध आहे. या घराण्यातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये जगापुढे आले. मातीतल्या सूक्ष्मजीवांतून ते शोधले बेंजामिन डग्गर यांनी. ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत हा शोध लागला, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. या औषधांनी असंख्य जीव वाचवले आहेत. इतके मोलाचे हत्यार चेहऱ्यासाठी वापरायचे, तर ते जपूनच वापरायला हवे.

रुग्णांनी मला शिकवलेले

माझ्याकडे आलेल्या काही जणांचे अनुभव सांगतो. कुणाची ओळख पटू नये एवढी काळजी घेतली आहे.

पहिला अनुभव घाईचा. एक आई मुलीला घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पुढच्या आठवड्यात बघायला पाव्हणे येऊलालेत. तेवढं तोंड साफ करून द्या." आठ दिवसांत मुरूम घालवणारी गोळी जगात नाही. फरक दिसायलाच सहा ते आठ आठवडे लागतात. मी हे सांगितले, पण पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून त्यांनी गोळी सोडली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून 'गोरे करणारे' मलम आणले. त्यात स्टेरॉइड होते. चार दिवस चेहरा उजळला आणि मग लालबुंद होऊन पूर्वीपेक्षा जास्त पुटकुळ्या उठल्या. असली बरीच मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण चिठ्ठी मागतो कोण?

दुसरा अनुभव पत्रलेखिकेसारखाच. अभ्यास करून मध्यरात्री झोपणारा एक मुलगा अंथरुणावर बसून, घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळायचा आणि लगेच आडवा व्हायचा. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेतच अडकून विरघळली, तर तिथली नाजूक त्वचा भाजते, जखम होते. म्हणून ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये.

तिसरा अनुभव उन्हाचा. आपल्याकडच्या मे महिन्यात बिनऔषधाचा माणूसही होरपळतो. डॉक्सिसायक्लिनमुळे त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. गावाकडच्या लग्नात दिवसभर मांडवाबाहेर राबलेला एक तरुण दुसऱ्या दिवशी नाक, कान आणि मनगटे भाजल्यासारखी घेऊन आला. तेव्हापासून उन्हाळ्यात हे औषध देताना मी टोपी, रुमाल, पूर्ण बाह्यांचा सदरा यांची आठवण आवर्जून करून देतो.

चौथी होती रक्त कमी असलेली एक मुलगी. ती लोहाची गोळी आणि मुरुमांची गोळी 'एकदाच काय ते' म्हणून एकत्र घ्यायची. लोह आणि हे औषध पोटात एकमेकांना चिकटतात, मग दोन्ही अंगी लागत नाहीत. कॅल्शियम, आम्लपित्ताची औषधे यांचेही तेच. दुधानेही थोडा फरक पडतो. या गोष्टींत आणि कॅप्सूलमध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

पाचवी नवविवाहिता. लग्नाआधी सुरू झालेली कॅप्सूल तिने लग्नानंतरही चालूच ठेवली. पाळी चुकल्यावर घाबरून आली. दिवस अगदी सुरुवातीचे होते. औषध लगेच बंद केले, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले, पुढे सर्व सुखरूप झाले. पण या गटातील औषधांचा गर्भाच्या हाडांवर आणि दातांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ती मुरुमांसाठी देत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीने हे डॉक्टरांना सांगायला लाजू नये आणि डॉक्टरांनी विचारायला विसरू नये.

माझी चूक

शेवटचा अनुभव माझ्या चुकीचा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुणाला मी गोळी लिहून दिली. दोन महिन्यांनी त्याचा चेहरा चांगला झाला आणि तो यायचा थांबला. बरा झाला असे मी समजलो. अकरा महिन्यांनी तो परत आला, तेव्हा मुरूम पूर्वीपेक्षा जास्त होते. जुनी चिठ्ठी दाखवून तो गोळी घेतच राहिला होता आणि आता ती लागू पडत नव्हती. मी जरा चिडूनच विचारले, "इतके दिवस कशाला घेतलीस?" तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बंद कधी करायची ते तुम्ही सांगितलंच नव्हतं की."

चिठ्ठी पाहिली. खरेच लिहिलेले नव्हते. नंतरच्या उपचाराने त्याचे मुरूम गेले, पण गालावरचे खड्डे राहिले. तेव्हापासून या गोळीच्या चिठ्ठीवर मी दोन तारखा लिहितो, सुरू करण्याची आणि बंद करण्याची.

ही दुसरी तारीख इतकी महत्त्वाची का? प्रतिजैविक महिनोन्महिने घेतले की त्याला न जुमानणारे जंतू टिकतात आणि वाढतात. हे फक्त मुरुमांच्या जंतूंपुरते राहत नाही. त्वचेवरचे, घशातले, आतड्यातले इतर जंतूही तीच सवय शिकतात. उद्या घरातल्या कुणाला खरोखर गंभीर आजार झाला आणि औषध लागू पडले नाही, तर त्याची किंमत मोठी असते. पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता. आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये औषधाच्या पट्टीवरील लाल उभ्या रेषेची मोहीम काढली. ती रेषा दिसली की समजावे, हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचे नाही.

मग योग्य रीत कोणती?

गोळी एकटी घेऊ नये. तिच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम डॉक्टर देतात. त्यामुळे न जुमानणारे जंतू वाढण्याला आळा बसतो. हे मलम रंगीत कपड्यांचा रंग उडवते, म्हणून उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा ठेवावा. छिद्रांचे बूच मोकळे करणारे अ‍ॅडापॅलीनसारखे मलमही रात्री लावतात. तीन महिन्यांच्या सुमारास डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. बहुतेकांची गोळी तेव्हा बंद करता येते, लावण्याचे औषध मात्र पुढे चालू ठेवावे लागते. गोळी थांबताच मुरूम परतल्याची तक्रार करणाऱ्यांनी बहुधा मलमही त्याच दिवशी सोडलेले असते.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मूळ कारण संप्रेरकांत असू शकते. ते तपासून घ्यावे. मोठ्या, खोल, दुखऱ्या गाठी असतील आणि खड्डे पडत असतील, तर वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. त्यासाठी वेगळी औषधे आहेत, पण ती केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यायची.

लक्षात ठेवा

१. मैत्रिणीची, भावाची चिठ्ठी आपल्यासाठी नसते.
२. कॅप्सूल जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. नंतर अर्धा तास आडवे होऊ नये.
३. सहा ते आठ आठवडे धीर धरावा. मुरूम फोडू नयेत.
४. तीव्र डोकेदुखी, अंधूक दिसणे, अंगावर पुरळ, सतत जुलाब, कावीळ यांपैकी काही झाल्यास गोळी बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवावे.
५. पहिल्याच भेटीत विचारावे, "बंद कधी करायची?"

पत्र लिहिणाऱ्या मुलीला शेवटी एवढेच सांगतो. तुझ्या मैत्रिणीला गुण आला तो तिच्या मुरुमांसाठी, तिच्या प्रकृतीला पाहून दिलेल्या औषधाने. तुझे औषध तुझा चेहरा पाहूनच ठरेल. वसतिगृहापासून शासकीय रुग्णालय लांब नाही. एक सकाळ काढ, त्वचारोग विभागात दाखव आणि येताना चिठ्ठीवर दोन तारखा लिहून घे.