दहा हजार पन्नास कसे लिहायचे?

तायांनो, आज घरी लेकराला पाटीवर 'दहा हजार पन्नास' लिहायला सांगा. बरीच लेकरं १००००५० लिहितात. आधी दहा हजार लिहिले, मग पन्नास चिकटवले! ही रक्कम झाली दहा लाख पन्नास. उद्या हेच लेकरू बँकेची स्लिप भरणार, गटाची वही लिहिणार.

लेकरू मठ्ठ नसतं. त्याला आकडा कळतो, आकड्याचं घर कळत नाही. त्यात आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. म्हणून २५ चे ५२ होतात. ही अडचण ओळखूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पंचवीस'सोबत 'वीस पाच' असंही वाचन आलं. त्यावर थट्टा खूप झाली, पण लहान लेकराला त्यानं घर लवकर कळतं.

अंगणातला खेळ

खडूनं शेजारी शेजारी पाच घरं आखा. उजवीकडून नावं द्या: एकक, दशक, शतक, हजार, दशहजार. मूठभर चिंचोके घ्या. नियम एकच: घरात नऊच्या वर चिंचोके ठेवायचे नाहीत. दहा झाले की ते उचलायचे आणि डावीकडच्या घरात एक ठेवायचा.

आता दहा हजार पन्नास मांडा. दशहजारात एक, दशकात पाच. बाकीची घरं रिकामी. रिकाम्या प्रत्येक घराखाली शून्य लिहायला लावा. १०,०५० आपोआप तयार होतं. शून्य म्हणजे रिकाम्या घराचा राखणदार. तो हलला की रक्कम बदलली.

गटाचाच हिशोब सांगा

एका ताईची बचत १०० रुपये. दहा ताया, १,००० रुपये. असे दहा गट, १०,००० रुपये. दहा-दहा गटांचे दहा ग्रामसंघ, १,००,००० रुपये. दर पायरीला दहापट!

सराव

१) समजा, हळदीची पट्टी २०,४०६ रुपयांची आली. त्यात ४ ची किंमत किती? (४००)
२) ९,९९९ मध्ये १ मिळवा. (१०,०००)
३) मोठी रक्कम कोणती: ९,८७५ की १०,०२०? (१०,०२०)

लाइट बिल, खताची पावती लेकराकडून मोठ्यानं वाचून घ्या. ज्या ताईला स्वतःला अडतं, तिनंही सोबत बसावं. लाज कसली? अंगठा असो की सही, त्याआधी रक्कम आपली आपल्याला वाचता आली पाहिजे.