गालिचा घेताय? आधी उलटा करून पाहा

दुकानात जाण्याआधी घरी तीन मापं घ्या: खोलीतली मोकळी जागा, दाराखालची फट आणि लिफ्ट. पहिलं सगळेच घेतात, उरलेली दोन राहून जातात. जाड लोकरीच्या गालिच्यावर दार घासू लागलं, तर सुताराला बोलावून ते खालून तासून घ्यावं लागतं. ९ बाय १२ चा गालिचा गुंडाळला तरी ९ फूट लांब राहतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो मावला नाही, की हमाल मजल्यागणिक पैसे सांगतात. साध्या सोफ्यापुढे ५ बाय ८ पुरतो, फक्त सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यायला हवेत. जेवणाच्या टेबलाखाली घालणार असाल, तर चारही बाजूंना २ फूट जादा धरा. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून आकार ठरवला, तर दुकानात गोंधळ होत नाही.

भाव चौरस फुटावर चालतो. ढोबळ अंदाज असा: यंत्रावरचा पॉलिप्रॉपिलीनचा ६० ते २०० रुपये, हाताने बनवलेला लोकरीचा टफ्टेड २०० ते ६००, हाताने एकेक गाठ मारलेला लोकरीचा साधारण ८०० पासून पुढे, आणि अस्सल रेशमाचा काही हजार. म्हणजे ५ बाय ८ चा, ४० चौरस फुटांचा यंत्रावरचा गालिचा २,४०० ते ८,००० रुपयांत येतो, गाठींचा ३२,००० च्या खाली सहसा नाही. लेबलवर १५० बाय २४० सेंटिमीटर लिहिलं असेल तर ते ३८.७५ चौरस फूट होतात. पैसे ४० चे देऊ नका.

सर्वाधिक फसवणूक टफ्टेड गालिचा गाठींचा म्हणून विकण्यात होते, कारण दोन्ही ‘हातचे’ असतात. विक्रेता खोटंही बोलत नसतो. म्हणून गालिचा उलटा करा. मागच्या बाजूला नक्षी स्पष्ट दिसली, बारीक गाठी मोजता आल्या आणि झालर ताण्याच्या धाग्यांतूनच निघालेली असली, तर तो गाठींचा. मागे कापड चिकटवलेलं असेल, झालर शिवलेली असेल, तर टफ्टेड. त्यात धागा कापडात ठोकून मागून लॅटेक्सने पक्का करतात. काही वर्षांनी ते लॅटेक्स सुकतं आणि फरशीवर त्याची भुकटी पडू लागते. टफ्टेड घ्यायला हरकत नाही, पण टफ्टेडच्या भावात घ्या. भदोहीत दोन्ही प्रकार बनतात, त्यामुळे ‘भदोहीचा माल’ एवढ्यावर भाव मान्य करू नका.

‘आर्ट सिल्क’ आणि ‘बांबू सिल्क’ म्हणजे रेशीम नव्हे, बहुतेकदा व्हिस्कोस. पाणी सांडलं की त्यावर पिवळट डाग राहतो. विक्रेत्याला लवेतला एक धागा काढून जाळायला सांगा: रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, व्हिस्कोसला कागद जळल्याचा. झालरीचा धागा चालणार नाही, ती सुती असू शकते.

काश्मीरच्या सहलीत खरेदी करणार असाल, तर ड्रायव्हर ज्या दुकानापाशी गाडी थांबवेल तिथल्या भावात कमिशन धरलेलं आहे असंच समजा. काश्मिरी हातगाठीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकन आहे आणि २०२२ पासून त्यासाठी क्यूआर कोडचं लेबलही मिळतं. मोबाइलवर तिथेच स्कॅन करा, ‘लेबल नंतर पाठवतो’ हे ऐकू नका. एका चौरस इंचात गाठी किती ते विचारा आणि पाठीमागे पट्टी ठेवून मोजा: एका इंचात आडव्या १८, उभ्या १८, म्हणजे ३२४. पार्सलने मागवणार असाल तर गालिच्याच्या मागच्या कोपऱ्यात पेनाने सही करा, सहीसकट फोटो काढा, मगच तो बांधायला द्या. घरी दुसराच गालिचा आला तर हाच फोटो कामी येतो.

ठरलेल्या भावात काय धरलं नाही, तेही विचारा. जीएसटी? घरपोच? पार्सलचा विमा? गुळगुळीत फरशीवर गालिचा सरकतो, त्यामुळे खाली रबरी जाळी लागते. ५ बाय ८ ला तिचे हजारेक रुपये होतात. घरी येऊन शाम्पू करणारे चौरस फुटाला १५ ते ३० रुपये घेतात, पण किमान बिलाची अट असते, ती आधी विचारा. गाठींच्या लोकरी गालिच्यावर फिरत्या ब्रशचं यंत्र चालवू देऊ नका.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तागाचा गालिचा घेऊच नका, बुरशी धरतो. लोकरीला कसर लागते. पावसाळ्यात तो उन्हात वाळवलेल्या सुती चादरीत गुंडाळून, डांबरगोळ्या घालून ठेवा. घडी नको, प्लॅस्टिकही नको. ओल्या पोछ्याने पुसलेली फरशी पूर्ण वाळल्याशिवाय गालिचा पसरू नका. घरात रांगतं मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सुती सतरंजी घ्या. घरी धुता येते, आणि खर्चही कितीतरी कमी.

बिलावर धागा, माप, ‘हातगाठीचा’ की ‘टफ्टेड’, गाठींची संख्या आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्या. नुसतं ‘कार्पेट १ नग’ लिहिलेलं बिल तक्रारीत फारसं उपयोगी पडत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि गालिचा श्रीनगरला घेतला असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते.