२२ जुलै : ‘पाय’ची प्रदक्षिणा
(इयत्ता पहिली ते सातवीसाठी गणिताचा एक दिवसाचा उपक्रम)

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यास ‘पाय म्हणजे किती ?’ असे विचारले असता ‘बावीस सप्तमांश’ हे उत्तर तत्काळ मिळते. ‘बावीस सप्तमांश म्हणजे कशाचे काय ?’ असा पुढचा प्रश्न केला की बहुधा वर्ग स्तब्ध होतो. सूत्र मुखोद्गत असते. परंतु वर्तुळ बांगडीएवढे असो वा विहिरीएवढे, त्याचा परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडासाच अधिक भरतो, ही गोष्ट मुलाने स्वतः पाहिलेली नसते. ती पाहण्यासाठी वर्षातून एक दिवस राखून ठेवावा व तो हसतखेळत साजरा करावा, असे या लेखात सुचविले आहे.

दिवस कोणता ?

अमेरिकेत दिनांक लिहिताना महिना आधी लिहितात. १४ मार्च हा दिवस तेथे ३-१४ असा लिहिला जातो आणि पायची किंमत ३.१४ पासून सुरू होते. हे साम्य हेरून सॅन फ्रॅन्सिस्को येथील ‘एक्सप्लोरेटोरियम’ या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने १९८८ साली पहिला पाय-दिन साजरा केला. मंडळींनी गोल जागेभोवती प्रदक्षिणा घातली व ‘पाय’ याच नावाचे फळांचे पक्वान्न खाल्ले. पुढे २०१९ साली युनेस्कोने १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून घोषित केला.

आपण दिवस आधी लिहितो. त्यामुळे २२ जुलै हा दिनांक आपल्याकडे २२/७ असा लिहिला जातो. शिवाय मार्चमध्ये परीक्षांची धावपळ असते. जुलैत वर्ष नुकतेच सुरू झालेले असते. म्हणून आपल्या शाळांना २२ जुलै अधिक सोयीचा. पक्वान्नाची कोटी मराठीत साधत नाही, पण ‘पाय’ या शब्दाने मुलांना हसू येतेच. त्या हसण्याचाच उपयोग करून घ्यावा.

उपक्रम पहिला : पाय पायांनी मोजणे

साहित्य : खडू व सुतळी. पावसाचे दिवस असल्याने हा उपक्रम वर्गात किंवा व्हरांड्यात घ्यावा.

प्रथम पहिलीच्या मुलाने टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत ७ पावले चालावे. तेवढी सुतळी घेऊन ती दुमडावी. दुमडलेल्या सुतळीचे एक टोक मध्यबिंदूवर धरून दुसऱ्या टोकाशी खडू धरावा व वर्तुळ काढावे. आता त्याच मुलाने रेषेवरून तशीच पावले टाकीत एक प्रदक्षिणा घालावी. इतरांनी मोठ्याने मोजावे. पावले २२ च्या आसपास भरतील.

नंतर त्याच मध्यबिंदूवरून सातवीच्या मुलीने आपल्या पावलांचे वर्तुळ काढावे. तिचे पाऊल मोठे, म्हणून वर्तुळही मोठे होईल. मात्र पावले पुन्हा २२ च्याच आसपास. माप बदलले, वर्तुळ बदलले, गुणोत्तर बदलले नाही. पायला स्थिरांक का म्हणतात, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही. एकशिक्षकी शाळेत सर्व इयत्तांना एकत्र घेऊनही हा उपक्रम होतो.

उपक्रम दुसरा : घरातील वर्तुळे

परात, तवा, डब्याचे झाकण, बांगडी, सायकलचे चाक अशा वस्तूंचा परीघ दोऱ्याने मोजावा. फळ्यावर वस्तू, व्यास, परीघ व भागाकार असे चार रकाने आखावेत. व्यास घेताना पट्टी सरकवून सर्वांत मोठी लांबी घ्यावी. बांगडीचे दोन्ही मोजमाप बाहेरच्या कडेवरूनच घ्यावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. कोणाचा भागाकार ३.०५ येईल, कोणाचा ३.२. जे आले ते तसेच फळ्यावर लिहावे. उत्तर आधी ठाऊक आहे म्हणून मापे त्याला जुळवून घेण्याची सवय मुलास लागली, तर गणित शिकूनही ते न शिकल्यासारखे होईल. सर्व भागाकारांची सरासरी काढावी. ती बहुधा ३.१४ च्या जवळ जाते.

उपक्रम तिसरा : काड्यांचा खेळ

हा खेळ बुफों या फ्रेंच विद्वानाच्या अठराव्या शतकातील विचारातून निघाला आहे. जमिनीवर १० सेंटिमीटर अंतराने समांतर रेघा आखाव्यात. खराट्याच्या काडीचे ५ सेंटिमीटर लांबीचे २० तुकडे करून ते १० वेळा उधळावेत. रेघेला छेदणारे तुकडे दर वेळी मोजावेत. टाकलेल्या २०० तुकड्यांना छेदणाऱ्यांच्या एकूण संख्येने भागावे. छेदणारे ६४ असल्यास उत्तर ३.१२५ येईल. उत्तर दर वेळी थोडे बदलते. जितके तुकडे अधिक टाकावेत, तितके ते सामान्यतः पायजवळ येते.

२२/७ म्हणजेच पाय काय ?

दिवसाच्या शेवटी हा प्रश्न विचारावाच. इ. स. ११५० मधील ‘लीलावती’ या ग्रंथात भास्कराचार्यांनी दोन गुणोत्तरे दिली आहेत : ३९२७/१२५० हे सूक्ष्म, आणि २२/७ हे स्थूल, पण व्यवहारास योग्य. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. पायची किंमत कोणत्याही अपूर्णांकाने पूर्णपणे मांडता येत नाही, हे १७६१ साली लांबेर्टने सिद्ध केले.

स्थूल म्हणजे किती स्थूल ? ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकात २२/७ वापरल्याने पडणारा फरक १ मिलिमीटरहूनही कमी असतो. व्यास ७ किलोमीटर असेल, तर तोच फरक सुमारे ९ मीटर होतो. म्हणून ‘पाय बरोबर २२/७’ असे न सांगता ‘सुमारे २२/७’ असे सांगावे व लिहून घ्यावे.

शिक्षकांसाठी सूचना

या दिवसासाठी वर्गणी गोळा करू नये, सजावटीत वेळ दवडू नये. दशांश स्थळे पाठ म्हणण्याची स्पर्धा घ्यावयाची असल्यास ती शेवटची १० मिनिटे घ्यावी; मोजण्याचा वेळ तिने खाऊ नये.

स्वाध्याय

१. सायकलच्या टायरवर खडूची खूण करून चाक एक फेरा पुढे न्यावे. कापलेले अंतर व चाकाचा व्यास यांचे गुणोत्तर काढा.
२. ३९२७ ला १२५० ने व २२ ला ७ ने भागा. कोणत्या दशांश स्थळी फरक पडला ?
३. घागरीभोवती घट्ट बसणारी दोरी १ मीटरने वाढवून सर्व बाजूंनी सारखी सैल केली. मधे किती फट राहील ? घागरीऐवजी पृथ्वी घेतली तर ? (उत्तर : दोन्ही वेळा सुमारे १६ सेंटिमीटर. मुलांना आधी अंदाज करू द्यावा.)