सूर्याची वीज की वाऱ्याची?

आंधळगाव म्हटले की कोशाचे कापड आठवते. कोशाचा धागा फार बारीक. उजेड नसेल तर तुटलेला धागा सांधायचा कसा? गावात तारेची वीज आहे. पण ज्याने दूर धानाच्या बांध्यांत घर केले आणि तिथे तार पोचली नाही, त्याने काय करावे?

अशाच एका घरातले हे बोलणे ऐका.

घरधनी म्हणाला, "छपरावर सोलरची प्लेट लावू, अंगणात छोटी पवनचक्की लावू. दोन्ही असल्यावर चिंता नाही."

बायको म्हणाली, "अहो, पण आपल्याकडं वारा कुठं आहे? थंडीत तर झाडाचं पान हालत नाही."

बाई बरोबर बोलली. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर वीज निम्मी होत नाही. ती आठव्या हिश्शावर येते. म्हणजे रुपयाचे दोन आणे! सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडे इथल्या उंच पठारांवर पवनचक्क्या आहेत. तिथे पावसाळ्यात सूर्य झाकतो, तेव्हाच वारा जोर धरतो. अशा जागी दोन्हींची जोडी शोभते. भंडाऱ्याच्या सपाट, झाडांच्या मुलखात चक्की बहुतेक दिवस उभीच राहील, आणि पैसे मात्र अडकतील.

"मग पावसाळ्यात काय करायचं?" घरधन्याने विचारले.

त्याचा हिशेब सोपा आहे. ९ वॅटचे ३ दिवे रोज ५ तास लावले, तर १३५ वॅट-तास वीज लागते. ३० वॅटचा पंखा ८ तास चालला, तर आणखी २४० लागते. एकूण झाली ३७५. चांगल्या उन्हात १०० वॅटची प्लेट दिवसाला सुमारे ४०० देते. पण काही वीज साठवताना वाया जाते. म्हणून १५० वॅटची प्लेट घ्यावी.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी १२०० वॅट-तास साठवते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, ती लवकर मरते. म्हणजे हाती राहिले ६००. झड लागली, तर पंखा बंद ठेवावा. नुसते दिवे ४ रात्री जळतील.

प्लेटचे तोंड दक्षिणेला ठेवावे, धूळ पुसावी. थोडीशी सावली पडली तरी वीज बरीच घटते.

बायको छपराकडे बघत म्हणाली, "आंब्याची ती फांदी दुपारी छपरावर येते. आधी ती छाटा."