आठवड्याचा बाजार आणि घरातल्या बाईचं ताट



आठवड्याची मजुरी हातात आली की दोन-तीन दिवस घरात भाजी असते, अंडी असतात. मग चहा-चपाती, भात आणि पातळ वरण. शेवटी दुकानदाराच्या वहीत उधारी. या ओढाताणीत कात्री लागते ती सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या ताटाला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाळीत जास्त रक्त जाणं, जंत, लागोपाठची बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण अपुरं जेवण हे मोठं कारण. धाप लागते, चक्कर येते, पायांत गोळे येतात, आणि आपण म्हणतो, कामाचा शीण आहे.

पैसा वाढवणं आपल्या हातात नसेल, पण आहे तो सात दिवसांवर नीट बसवता येतो.

१) रेशनचे चार वाटे करा
प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो धान्य मोफत मिळतं. पावती मागा, वजन बघा. प्राधान्य कार्डावर पाच माणसं असतील तर २५ किलो येतं. रोज दीड किलो धान्य लागत असेल तर ते सोळा-सतरा दिवसांत संपतं आणि महिनाअखेर उधारी होते. आणल्याबरोबर चार वाटे करा. आठवड्याला सहा किलो रेशनचं आणि चार-साडेचार किलो विकतचं, असा खर्च सारखा पडतो.

२) यादीत डाळ पहिली
आधी डाळ-कडधान्य, मग भाजी-अंडी, मग तेल-मीठ-मसाला. फरसाण, बिस्किटं सगळ्यात शेवटी. पाच माणसांना रोज पाव किलो डाळ किंवा कडधान्य धरा, म्हणजे आठवड्याला पावणेदोन किलो. सगळी तूरडाळच हवी असं नाही. मसूर, मटकी, चवळी, हरभरा यांतलं स्वस्त असेल ते घ्या.

लहान पुडी महाग पडते. ५० ग्रॅमची पुडी १० रुपयांना घेतली, तर किलोचा भाव २०० रुपये झाला. किलोभर घेण्याइतके पैसे नसतील तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या आणि वाटून घ्या. विहारातल्या महिला मंडळात हे सहज जमेल.

३) नासणारं आधी शिजवा
बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मेथी, शेपू, माठ. मधल्या दिवसांत वांगी, भेंडी, गवार. शेवटचे दिवस बटाटा, भोपळा, मोड आलेली मटकी, सुकट. मटकी आदल्या दिवशीच भिजत घाला. अंडी एकाच दिवशी संपवू नका, दोन दिवसांत वाटून करा.

पालेभाजी आणि उसळीवर लिंबू पिळा. त्याने जेवणातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागतं. चहा तासाभराने घ्या.

४) ताटं आधी वाढा
स्वयंपाक झाला की घरातल्या सगळ्यांची ताटं एकदम वाढा, बाईचंही. उरलंसुरलं तिच्या वाट्याला, ही पद्धत बंद करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अंगणवाडीतून मिळणारा आहार तिचा आहे, तो साऱ्या घरात वाटू नका. बंधूंनो, बाजाराची यादी तुम्हीही करा, पिशवी तुम्हीही उचला. म्हणजे सातव्या दिवशी डब्यात काय उरलं, हे तुम्हालाही कळेल.

सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर नुसत्या जेवणावर थांबू नका. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. सांगितल्या तितके दिवस पूर्ण घ्या.

येत्या बाजारापासून सुरुवात करा. यादी कागदावर लिहा, आणि खाली घरात किती ताटं लागतात तो आकडा लिहा. त्यात स्वतःचं ताट मोजायला विसरू नका.