गरिबी आणि बालकाचे पहिले हजार दिवस

पहिलीच्या वर्गात काही मुले वयाच्या मानाने ठेंगणी असतात, लवकर दमतात, धड्याकडे त्यांचे चित्त ठरत नाही. आम्ही शिक्षक त्यांना ‘मंद’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः अशा पुष्कळ मुलांच्या बाबतीत दोष बुद्धीचा नसून अन्नाचा असतो. आणि तो शाळेत नाव घालण्यापूर्वी, किंबहुना जन्मापूर्वीच घडलेला असतो.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस हा वाढीचा पाया होय. या काळात अन्न कमी पडले की शरीर काटकसर करते. उंची खुंटते, स्नायू अपुरे राहतात. पुढे पोटभर मिळाले तरी ती तूट पूर्णपणे भरून निघणे कठीण.

याचा पुरावा जवळच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे ३.५ किलो. खेड्यातील बाळे कृश असूनही त्यांच्या अंगी चरबी टिकून होती, उणीव होती ती स्नायूंची. अशा घडणीत पुढील मधुमेहाचे बीज असते. मात्र ज्या माता दूध, पालेभाजी व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक भरलेली होती.

दूरच्या ग्वाटेमाला देशात १९६९ पासून दोन खेड्यांतील मुलांना प्रथिनयुक्त पेज व दुसऱ्या दोन खेड्यांत नुसते गोड पेय देण्यात आले. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणीची ताशी मिळकत सुमारे ४६ टक्के अधिक आढळली. तिसऱ्या वर्षानंतर पेज मिळालेल्यांत हा लाभ दिसला नाही.

आपल्या गोव्यातही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील २५.८ टक्के मुले खुंटलेल्या उंचीची आढळली. २०१२ व २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली तालुक्यातील अनेक घरांची मिळकत एकाएकी आटली. मोठी माणसे बऱ्या दिवसांची वाट पाहू शकतात. पोटातल्या बाळाला ती सवड नसते.

वह्या, गणवेश व शिष्यवृत्ती देणे हे पुण्यकर्मच आहे; पण ती मदत सहाव्या वर्षी पोचते. महोत्सवाच्या निमित्ताने आपण कारापूरकरांनी एक पाऊल अलीकडे यावे. गरजू गरोदर मातेच्या घरी दूध, अंडी, मूग, नाचणी पोचवावी. तिचे नाव अंगणवाडीत वेळेवर नोंदले गेले की नाही ते पाहावे. आणि ज्या घरी सून सर्वांमागून उरलेसुरले जेवते, तेथे तिचे पान आधी वाढावे. याला तर एक पैसाही लागत नाही. शाळेतील यशाची पहिली शिदोरी आईच्या ताटात असते, एवढे आपण ध्यानी धरावे.